जमणा सात, डावा सात

लेखणी हाती धरण्याचा या बाईला काय अधिकार, असे वाचकांनी विचारण्याआधी मीच ते विचारून ठेवते. एकतीस वर्षे मी मुंबईच्या गोदीतील ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्याने काढलेल्या आराखड्यावर पारदर्शक कापड अंथरायचे आणि त्याचीच रेषा शाईने पुन्हा ओढायची, हे ट्रेसरचे काम. स्वतःची एक रेषा जास्त पडली, तरी साहेबाच्या कपाळाला आठी पडे. अशा माणसाने एकसष्टाव्या वर्षी स्वतःची वाक्ये लिहायला बसावे, हा आगाऊपणा आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. विलायतेच्या वर्णनात राजवाडे, फुलांचे ताटवे आणि सरोवरे असतात, हे मला ठाऊक आहे. ती सर्व मी पाहिली, पण त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मी तिकडून एक राग घेऊन आले. तो अजून ओसरलेला नाही, म्हणून हे लिहिणे.

रीडिंग

मुलगा मिलिंद रीडिंगला एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. सून शिल्पा ग्लासगोत जन्मली आणि वाढली. तिचे वडील तेथे डॉक्टर होते. शिल्पा मराठी अगदी निःसंकोच बोलते. मात्र नामांना लिंग असते, ही गोष्ट तिला मान्य नाही. पहिल्याच सकाळी तिने विचारले, "अहो आई, तुमचा चहा झाली का?" मी म्हणाले, झाली. दुसऱ्याची चूक दाखवणे माझ्या स्वभावात नाही. पुढे जे घडले त्यात या स्वभावाचा मोठा वाटा आहे, म्हणून हे आताच सांगितलेले बरे.

आमच्या माझगावच्या चाळीत जिन्यावर धक्का लागला, तर दोन शब्द ऐकावे लागतात आणि विषय तेथेच संपतो. विलायतेत ज्याला धक्का लागतो, तोच "सॉरी" म्हणतो. दुकानात, बसमध्ये, फूटपाथवर या शब्दाची इतकी बरसात झाली, की मला वाटले, हा देश माझ्यासारख्या भिडस्त माणसांसाठीच वसवला असावा. तो समज फार दिवस टिकला नाही.

१९९४ च्या मे महिन्याच्या अखेरीस तेथे एक जोडून सुट्टी आली. कोठे जायचे, असे मिलिंदने विचारले तेव्हा मी संकोचत एक पत्रक पुढे केले. ते मला वाचनालयात सापडले होते. दक्षिण किनाऱ्यावरील एका खेड्यात एक जुना पब आहे, त्याचे छप्पर एका फ्रेंच फ्रिगेटच्या लाकडांवर पेलले आहे, असे त्यात म्हटले होते. जहाजाच्या घाटाचे, म्हणजे बांधणीच्या नमुन्याचे, नाव दिले होते, एबे.

हे नाव मला परके नव्हते. मी नोकरीला लागले त्या वर्षी एक जीर्ण आराखडा ट्रेसिंगसाठी माझ्या टेबलावर आला होता. त्याच्या कोपऱ्यात लिहिले होते, की हा घाट पकडलेल्या फ्रेंच एबेवरून घेतला आहे. फ्रिगेट म्हणजे शिडांचे वेगवान लढाऊ जहाज. तोफांची मुख्य रांग एकच, त्यामुळे चपळ. फ्रेंचांची ही एबे आणि तिच्या बहिणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. एबे इंग्रजांच्या हाती लागली. त्यांनी तिची मापे उतरून घेतली आणि तोच घाट कित्येक वर्षे स्वतःचा म्हणून वापरला. पुढे ओक अपुरा पडू लागला, तेव्हा या घाटाची काही जहाजे मुंबईच्या गोदीत, मलबारी सागवानात बांधवून घेतली. त्यासाठी पाठवलेले आराखडे पहिल्या खेपेस वाटेतच अमेरिकनांशी झालेल्या लढाईत जहाजासह गेले आणि दुसरी नक्कल पाठवावी लागली, असे मी वाचले आहे. अशा नकलेवरून नक्कल होत होत तो कागद माझ्या टेबलापर्यंत आला असावा. तीन आठवडे मी त्या रेषांवरून पेन फिरवीत होते. इतकी देखणी रेषा पुन्हा कधी माझ्या हाताखाली आली नाही.

माझे वडील त्याच गोदीत सुतार होते. मी घरी त्या आराखड्याबद्दल सांगितले, तेव्हा ते हसले. म्हणाले, कागदावर जहाजाची एकच कूस असते. दोन्ही सारख्या, म्हणून साहेब दुसरी काढत नाही. दुसरी कूस सुताराने डोक्यात धरायची. मग त्यांनी मला खुणा शिकवल्या. जहाजाची प्रत्येक बरगडी तासून झाली, की तिच्यावर पटाशीने एक अक्षर आणि एक आकडा कोरायचा. 'ज' म्हणजे जमणा, उजव्या कुशीचा. 'ड' म्हणजे डावा. जमणा हा शब्द गुजराती, पारशी मेस्त्रींच्या तोंडचा. कोकणातल्या सुतारांनी तो उचलला, पण लिहिला आपल्या मोडीत. अशी सरमिसळ मुंबईच्या गोदीखेरीज आणखी कोठे झाली असेल, असे मला वाटत नाही. खूण नेहमी बरगडीच्या बाहेरच्या अंगाला करायची, म्हणजे वर फळी बसली की ती कायमची झाकली जाते. वडील म्हणत, "खूण दिसली तर काम कच्चं."

खाडीकाठी, पहिला दिवस

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. खाडीत पाण्याची जेमतेम एक शीर उरली होती. होड्या चिखलात एका कुशीवर आडव्या पडल्या होत्या आणि चिखलाचा वास थेट रेवसच्या धक्क्यासारखा होता. दोन आठवड्यांत प्रथमच मला कोठेतरी आल्यासारखे वाटले.

पब धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर होता. आत शिरल्याबरोबर मी वर पाहिले आणि तशीच उभी राहिले. दोन्ही भिंतींतून सात सात वाकडी लाकडे उगवून छताला भिडली होती, जणू उलट्या जहाजाच्या पोटात आपण उभे आहोत. ज्या रेषांवर मी तीन आठवडे पेन फिरवले होते, त्या डोक्यावर होत्या.

मालकाचे नाव टेरी. माणूस पन्नाशीचा, गुबगुबीत, बोलका. त्याने आम्हांस खास तेथला म्हणून 'फ्रेंच पाय' नावाचा भाजलेला पदार्थ खाऊ घातला. आत बटाटे, वाटाणे आणि पांढरे सार, वर पापुद्रा. मिठाशिवाय त्यात काही घातलेले नव्हते. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो तशी त्याने गोष्ट सांगितली. हे लाकूड फ्रेंच ओक आहे. जहाज लढाईत पकडले तेव्हा त्यावर जाक नावाचा सुतार होता. त्याचा एक हात तोफेने गेला होता आणि त्या जागी लोखंडी आकडा होता. कैदेत असताना मायदेशाच्या आठवणीने त्याने आपली सही येथे कोरली. असे म्हणून टेरीने बारवरील लाकडाकडे बोट केले. तेथे पांढऱ्या रंगाने भरलेली एक खूण होती. तो मोडी 'ज' होता आणि त्याच्या पुढे सात.

सातचे वळण म्हणजे जाकच्या हाताचा लोखंडी आकडा, असा त्यांचा समज होता. एका हाताच्या सुताराने पटाशी कशी धरली आणि हातोडी कशी मारली, हे आजवर कोणीही विचारलेले दिसत नव्हते.

मी उठून जवळच्या लाकडावर तळवा ठेवला. ओक कसला, ते अस्सल सागवान होते. मग मला इतर खुणाही दिसू लागल्या. त्यांच्यात रंग भरलेला नव्हता, म्हणून त्या धुरकट झाल्या होत्या. पण 'ज नऊ' होता, 'ड अकरा' होता. जहाज मोडले, फळ्या गेल्या, म्हणून त्या उघड्या पडल्या होत्या. टेरी आनंदाने सांगत होता, की मंगळवारी माणसे येणार आहेत. वाळूचा जोरदार फवारा मारून ती सर्व लाकडे मधासारखी पिवळी करणार. जाकच्या सहीला मात्र धक्का लावणार नाहीत.

म्हणजे उरलेल्या तेरा बरगड्यांवरच्या खुणा मंगळवारी पुसल्या जाणार होत्या. मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "व्हेरी नाइस."

संध्याकाळी धक्क्यावरून परतताना मी मुलाला आणि सुनेला सारे सांगितले. तेथे मे महिन्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मिलिंदचा चेहरा मला नीट दिसत होता. "आई, प्लीज, सीन नको करूस," तो म्हणाला. "लोकल स्टोरी आहे. कुणाचं काय बिघडतंय?" आजोबांचे बिघडते, असे मला म्हणायचे होते. पण तो इतके ताण सोसून आम्हांला येथे घेऊन आला होता, गाडी चालवून थकला होता, आणि त्याची समजूत घालण्याची मला जन्माची सवय. रात्रीच्या मुक्कामाच्या खोलीपाशी येताच शिल्पाने विचारले, "अहो आई, ते खुणा कॉपी करायला कसला कागद लागतो?"

दुसरा दिवस

शिल्पाने खेड्यातल्या दुकानातून केक भाजण्याचा पातळ कागद आणला आणि पर्समधून काजळाची पेन्सिल काढली. कागद खुणेवर ठेवून काजळ घासले, की खोल भाग पांढरा राहतो आणि खूण उमटते. परवानगी कशी मिळेल, याची मला धास्ती होती. परंतु चर्चमधील थडग्यांवरच्या पितळी पत्र्यांचे असे ठसे घेणे हा इंग्रजांचा जुना छंद आहे. टेरीने उलट शिडी दिली. दोन तास मी शिडीवर होते आणि शिल्पा खाली पदर धरल्यासारखी माझ्या कोटाचे टोक धरून उभी होती. एकदा पाय घसरला आणि डाव्या हाताचे काजळ माझ्या कपाळभर झाले. तिने ते पुसले आणि म्हणाली, "आता तुम्हाला कुणाचा नजर लागणार नाही."

जाकच्या सहीसकट तेरा ठसे जमिनीवर मांडले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की पब बांधणारा गावचा सुतारही शहाणा होता. त्याला अक्षर कळले नसेल, पण वाक कळला होता. ज्या दोन बरगड्या एकमेकींची आरशातली प्रतिमा होत्या, त्या त्याने समोरासमोर लावल्या होत्या. 'ज दोन' च्या समोर 'ड दोन', 'ज सात' च्या समोर 'ड सात'. फक्त 'ज चार' ची जोडी दिसत नव्हती. तिच्या समोरची बरगडी शेकोटीच्या वर होती आणि काजळी व जुन्या रंगाने लिंपलेली होती.

जेवणाच्या वेळेस पब भरला. टेरीने टाळ्या वाजवून एका टोळक्याला जाकची गोष्ट सांगायला सुरुवात केली. लोखंडी आकड्यापाशी सगळे हसले. त्या हसण्याने माझ्यात काहीतरी तुटले. जागेवरून उठून मी शिल्पाला मराठीत म्हणाले, "ह्या माणसाला सांग, ही चोरी आहे. लाकूड आमच्याकडचं, हात आमच्या लोकांचे, आणि नाव कुणा जाकचं! मंगळवारी एकाही खुणेला वाळू लागता कामा नये."

माझा आवाज चढला होता. मिलिंद ताटाकडे पाहू लागला. शिल्पा उठली आणि तिच्या ग्लासगोच्या गोड इंग्रजीत म्हणाली, की माझ्या सासूबाईंना हे सर्व अतिशय मनोरंजक वाटले. तुमची हरकत नसेल, तर त्यांना एक लहानशी शंका आहे.

इंग्रजी मी शाळेत शिकले आहे. बोलायला घाबरते, समजायला नाही.

"शिल्पा," मी म्हणाले, "मी तुला राग दिला होता. तू त्याचा चहा करून वाढलास."

"अहो आई," ती कळवळून म्हणाली, "इथे राग अशीच बोलतात."

मग बोलणे मला भागच होते. मी ट्रेसरचे इंग्रजी बोलले: लहान वाक्ये, प्रत्येकाच्या शेवटी टिंब. हे लाकूड सागवान आहे. हा घाट फ्रेंच आहे, परंतु हे जहाज मुंबईत बांधले आहे. ही सही नसून हे 'उजवा, सात' आहे. मी बोट दाखवीत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेले आणि तेराही खुणा वाचल्या. नंतर शेकोटीपाशी थांबले. म्हणाले, ही बरगडी मी पाहिलेली नाही. कोणीच पाहिलेली नाही. तिच्यावर 'डावा, चार' असले पाहिजे. नसेल, तर तुमचा जाक खरा.

पाण्याची बादली आणि तारेचा ब्रश टेरी स्वतः घेऊन आला. त्याचे हे ऋण मी नाकारत नाही. शिडीवर चढून त्याने पाच मिनिटे घासले. काळे पाणी त्याच्या कोपरावरून ओघळत होते. आधी 'ड' ची पाठ दिसली, मग चारची गाठ. तो शिडीवर चढण्याआधीच मी एका कागदावर तीच आकृती काढली होती; तो कागद मी वर धरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी तरी मला शेरी देऊ केली; मी आल्याचे सरबत घेतले. टेरी खाली उतरला आणि बराच वेळ माझा हात हातात धरून राहिला. चौदाही खुणांना हात लावू देणार नाही, पत्रकही बदलीन, असे तो सर्वांदेखत म्हणाला. परतताना रीडिंग जवळ आल्यावर गाडीत मिलिंद म्हणाला, "आजोबांनी मला कधी शिकवलं नाही हे." मी म्हणाले, तू कधी विचारलं नाहीस. इतके कठोर मी त्याच्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते.

त्या दिवशी माझा राग गेला होता. हे वर्णन मी तेव्हाच लिहिले असते, तर ते गोड झाले असते.

माझगाव

जानेवारीत शिल्पाचे पाकीट आले. ती नाताळात पुन्हा तेथे गेली होती. आत छायाचित्रे होती. लाकडे मधासारखी पिवळी झाली आहेत, लहान मुलाच्या गालासारखी गुळगुळीत. तेरा बरगड्यांवर काही नाही. शेकोटीवरचीही त्यांत आहे. 'ज सात' मात्र शाबूत आहे. त्यात आता सोनेरी रंग भरला आहे. शिल्पाने टेरीला गाठले, आणि तिने लिहिले आहे की या वेळी चहा केला नाही. तो म्हणाला, सॉरी, माणसे आली तेव्हा मी गावाला गेलो होतो, निरोप पोचला नाही. शिवाय, तो म्हणाला, जाकमुळे ते फ्रेंच पाय खपतात.

सोबत नवे पत्रक होते. जाक आहे, हात आहे, लोखंडी आकडा आहे. शेवटी एक ओळ वाढवली आहे. तिचे मराठी असे होईल: 'भारतातून आलेल्या काही पाहुण्यांना या सहीत आपल्या लिपीतील एखादे अक्षर दिसल्याचा भास होतो.'

मी ती ओळ कितीदा वाचली, ते सांगत नाही. 'काही पाहुणे' म्हणजे मी. 'भास' म्हणजे माझ्या वडिलांनी ओसरीवर बसून, फळकुटावर पटाशीने कोरून शिकवलेली लिपी. टेरीला खोटे सांगावेसे वाटले असेल असे मी मानत नाही. त्याला खरे नको होते, एवढेच. मला त्याचा राग येतो, पण त्याहून अधिक त्या पहिल्या दिवशीच्या 'व्हेरी नाइस'चा येतो. आणि, वडिलांची क्षमा मागून लिहिते, त्यांच्या त्या वाक्याचाही येतो. खूण दिसली तर काम कच्चे, असे मानून पिढ्यान् पिढ्या आमच्या माणसांनी आपली खूण फळीखाली घातली. फळी निघाली तेव्हा ती खूण वाचायला तेथे आमचे कोणी नव्हते, जाक होता.

तेरा ठसे माझ्या ट्रंकेत आहेत. चौदाव्याचा घेतला नाही. टाळ्या वाजत होत्या आणि भर पबमध्ये पुन्हा शिडी मागण्याचा मला संकोच वाटला. 'डावा चार' आता या जगात कोठेही नाही. फक्त मी तो पाहण्याआधी कागदावर काढलेला आहे, आणि तो पुरावा म्हणून कोणी धरणार नाही.

वाचकहो, जे अक्षर मी तेथे उभी राहून वाचले, सर्वांसमोर आधी सांगून दाखवले, तो माझा भास नव्हता, हे पटवण्यासाठी मी त्या दुपारी आणखी काय करायला हवे होते?